कर्ता नसलेली वाक्ये

पदवीच्या वर्गांना आम्ही दोघे गेली पंधरा-सोळा वर्षे मराठी शिकवीत आहोत. या काळात अभ्यासक्रम बदलले, पाठ्यपुस्तके बदलली, परंतु उपयोजित मराठीच्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न जागचा हलला नाही. तो म्हणजे तक्रार-अर्ज. गावातील पाणीपुरवठा अनियमित आहे, रस्त्यावरचे दिवे बंद आहेत, विक्रेत्याने पाठवलेली पुस्तके फाटकी निघाली, असा एखादा प्रसंग द्यायचा आणि विद्यार्थ्याने 'प्रति'पासून 'आपला विश्वासू'पर्यंतचा मजकूर लिहायचा. मायना बरोबर, विषय अधोरेखित आणि भाषा नम्र असली, की दहापैकी सात गुण देऊन आम्ही मोकळे. हे अर्ज कोणी कोणाला पाठवीत नसल्यामुळे त्यांना उत्तर आले की नाही, हा प्रश्नही कधी उद्भवत नाही.

गेल्या वर्षी आमच्यापैकी एकावर खराखुरा तक्रार-अर्ज लिहिण्याची वेळ आली आणि तो त्याला धड लिहिता आला नाही. दुसऱ्याने तो वाचला आणि वर्गातल्या सवयीने सात गुणांचा आहे असे सांगितले. प्रस्तुत लेख त्या नामुष्कीतून निघाला आहे. निमित्त एका नव्या मोटारसायकलीचे आहे. साहित्याच्या अभ्यासकांसमोर हा विषय आणताना थोडा संकोच वाटतो. तरीही आणतो आहोत, कारण यंत्राच्या बिघाडापेक्षा त्या बिघाडाभोवती बोलल्या गेलेल्या मराठीने आम्हांला अधिक अस्वस्थ केले.

गाडी गुढीपाडव्याला घेतली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त असल्याने नगर शहरातल्या त्या शोरूममध्ये लग्नघरासारखी गर्दी होती. (जिल्ह्याचे आणि शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, आमच्या तोंडी अजून नगरच आहे.) एका ओळीत उभ्या असलेल्या गाड्यांना एकाच मापाचे हार घातलेले होते. ताब्यात देण्यापूर्वी गाडी तपासली जाते आणि त्या तपासणीचा एक तक्ता असतो. आमच्या समोर आला तेव्हा त्याच्या सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने, एकाच हाताने केलेल्या खुणा आधीच होत्या. खाली सही तेवढी आमची हवी होती. चाकाखाली लिंबू ठेवलेले, हातात पेढा दिलेला, मागे दुसरे कुटुंब फोटोसाठी खोळंबलेले. अशा वेळी तक्ता वाचत बसणारा माणूस विघ्नसंतोषी ठरतो. आम्ही सही केली. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाने न वाचता सही करावी, ही या प्रकरणातली आमची पहिली चूक.

तिसऱ्या आठवड्यात इंजिनाच्या सांध्यातून तेल पाझरू लागले. पहिल्या मोफत सर्व्हिसिंगला ते दाखवले तेव्हा 'नव्या गाडीला थोडं राहतं' असे उत्तर मिळाले. त्यानंतर गाडी तापली की चालता चालता बंद पडू लागली. दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा चालू. समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागे आणि काही वेळाने विझे. एकूण सात खेपा झाल्या. कंपनीचे आणि वितरकाचे नाव आम्ही येथे देत नाही. एका दुकानावर राग काढणे हा या लेखाचा हेतू नाही. शिवाय हीच वाक्ये ऐकलेली माणसे इतर नाममुद्रांच्या गाड्यांवरही फिरत आहेत, हे आम्हांला पुढे कळत गेले.

वैशाखातल्या एका दुपारी आम्ही दोघे त्याच गाडीवरून हिवरे बाजारला निघालो होतो. विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट ठरवायची होती. नगरपासून हे गाव जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर. गाव दिसू लागले आणि गाडी बंद पडली. सावलीसाठी झाड शोधत असताना दुधाचे दोन कॅन लावलेली, आमच्याच बनावटीची आणि आमच्याच रंगाची एक मोटारसायकल शेजारी येऊन थांबली. चालवणारा आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गातला विद्यार्थी निघाला, शेजारच्या गावचा. त्याने आमच्या गाडीकडे पाहिले आणि विचारले, "सर, तुमचीपण तापल्यावरच बंद पडते का?"

त्याने गाडी त्याच शोरूममधून, हप्त्यांवर घेतली होती. सकाळ-संध्याकाळ आजूबाजूच्या वस्त्यांवरचे दूध गोळा करून संकलन केंद्रावर घालायचे, हा घरचा जोडधंदा. गाडी बंद पडली की आमचा पहिला तास चुकतो. त्याचे दूध नासते आणि त्या दिवशी हप्त्याची रक्कम मात्र तेवढीच राहते. मधल्या काळात तो तीन आठवडे वर्गात आला नव्हता आणि आम्ही हजेरीपटावर त्याच्या नावापुढे शून्ये घातली होती, हे तेव्हा आठवले. तो म्हणाला, "गावात पाणी कमी पडलं तर कुणाला विचारायचं ते आम्हाला माहीत असतं, सर. तिथं शोरूममध्ये नेमकं कुणाला विचारायचं?"

हा प्रश्न त्याने वैतागून विचारला होता. आमच्या डोक्यात तो व्याकरणाचा प्रश्न होऊन बसला.

मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजपर्यंत प्रयोगविचार हा मराठीच्या विद्यार्थ्याला घाम फोडणारा भाग राहिला आहे. कर्तरी, कर्मणी, भावे. परीक्षेपुरते ते पाठ करायचे आणि विसरायचे. पण सात खेपांत ऐकलेली वाक्ये आम्ही एका कागदावर मांडली, तेव्हा प्रयोगविचार हा व्यवहारातला केवढा गंभीर भाग आहे, हे प्रथमच उमगले. ती वाक्ये अशी: 'पार्ट मागवलाय.' 'वर कळवलेलं आहे.' 'गाडी तपासली गेली आहे.' 'होऊन जाईल.' 'तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.' या पाचही वाक्यांत एक माणूसही करणारा म्हणून उभा नाही. पार्ट कोणी मागवला, कोणाकडून, कोणत्या तारखेला? वर म्हणजे कोणाला कळवले? 'होऊन जाईल' हे तर विशेषच. तिथे काम हेच स्वतःचा कर्ता आहे, ते आपले आपण उगवेल आणि पिकेल, अशी त्या क्रियापदाची श्रद्धा.

कर्ता गाळण्याची ही सोय मराठीला काही शोरूमने दिलेली नाही. ती शासकीय पत्रव्यवहारात फार पूर्वीपासून आहे, आणि आमच्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवरही आहे. 'विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की' असे लिहिणारे हात आमचेच असतात. कर्त्याशिवाय वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असू शकते, आणि म्हणूनच ते लपण्यासाठी सोयीचे ठरते. चुकीचे वाक्य खोडून काढता येते. शुद्ध वाक्यासमोर माणूस गप्प होतो.

याहून मोठी गोष्ट आम्हांला सहाव्या खेपेनंतर समजली. गाडी कार्यशाळेत घेताना एक जॉबकार्ड तयार होते. त्यात ग्राहकाची तक्रार लिहिण्यासाठी रकाना असतो. आम्ही प्रत्येक वेळी तोंडी सांगितले होते, की गाडी तापल्यावर बंद पडते. रकान्यात मात्र 'जनरल चेकअप' असे लिहिलेले होते. म्हणजे सहा खेपांनंतर कागदोपत्री आमची या दोषाविषयी एकही तक्रार नव्हती. हौसेने गाडी तपासून घेणारा एक उत्साही मालक एवढीच आमची नोंद. आमच्या विद्यार्थ्याचे कार्ड आम्ही मागून पाहिले. त्यातही तेच दोन शब्द होते.

यंत्राच्या बाबतीतही हेच घडत होते. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ ही प्रदूषण-मानके लागू झाली आणि लहान मोटारसायकलींतही इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले. अशा गाडीत बिघाड झाला की तिचे नियंत्रक यंत्र त्याचा संकेतांक साठवून ठेवते आणि तो पिवळा दिवा लावते. म्हणजे गाडी स्वतःची तक्रार स्वतः, आणि आमच्यापेक्षा कितीतरी नेमकेपणाने, लिहून ठेवत होती. कार्यशाळेत यंत्र जोडले जाई आणि 'कोड क्लिअर केला' असे सांगितले जाई. दिवा विझला की दोष गेला, असा त्याचा अर्थ लावला जाई. नोंद न वाचता पुसणे आणि तक्रार न लिहिता ऐकणे, ही एकाच वृत्तीची दोन कामे आहेत.

आपल्या प्रदेशात दुचाकी आणि तिचा मालक यांचे नाते कसे बदलत गेले, हे पाहिल्यावाचून ही वृत्ती नीट कळत नाही. १९७२ साली दोन वाहने आली आणि दोन्हींचा आमच्या परिसराशी संबंध आहे. पुण्यात बजाजची चेतक आली. परवाना पद्धतीच्या त्या काळात तिच्यासाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंबर लागला की लोक पेढे वाटत. इतकी वाट पाहून मिळालेल्या वस्तूत खोट काढण्याचे धैर्य कोणाला होणार? त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली. तिचे कर्ते फिरोदिया कुटुंब मूळचे नगरचे आणि कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखानाही नगरचाच. पन्नास सीसीची ही मोपेड बंद पडली, तर पायडल मारीत घरी नेता येत असे. तिचे अंतरंग सायकल दुरुस्त करणाऱ्याला समजेल इतके उघड होते. आमच्या शाळकरी दिवसांत झाडाखालचा मेकॅनिक कार्बोरेटर उघडून, जेटमध्ये फुंकर मारून, 'कचरा होता' असे सांगे आणि तो कचरा बोटावर घेऊन दाखवी. त्या वाक्यात निदान होते आणि पुरावाही होता.

१९९१ नंतर टंचाई संपली. आज मोटारसायकल वाट न पाहता मिळते, कर्जही तासाभरात मंजूर होते. खरेदी करणारा मात्र अजून नंबर लागल्याच्या कृतज्ञतेने काउंटरसमोर उभा असतो. यंत्र बंदिस्त झाल्यामुळे झाडाखालचा मेकॅनिक हतबल झाला, आणि वॉरंटी जाईल या भीतीने त्याच्याकडे जाण्याची वाटही बंद झाली. वस्तूची टंचाई गेली, तरी तिच्या आतले जाणणाऱ्या माणसांची टंचाई नव्याने निर्माण झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे मूळ या टंचाईत आहे.

माणसाला लेखी भाषा दाद देत नाही तेव्हा तो दुसऱ्या भाषेकडे वळतो. एप्रिल २०२२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळी येथे एका ग्राहकाने आपली विजेवर चालणारी नवी स्कूटर गाढवाला बांधली आणि गावातून फिरवली. घेतल्यावर काही दिवसांतच ती बंद पडली होती आणि दाद लागत नव्हती. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली, लोक हसले. आम्हीही हसलो होतो. आता वाटते, की त्या माणसाने आपल्या परंपरेतला एक जुना दंडप्रकार अचूक उचलला होता. गाढवावरून धिंड ही ग्रामव्यवस्थेने अपराध्याला दिलेली जाहीर शिक्षा. अपराधी हाती लागत नाही, त्याचा पत्ता परगावचा आहे, मग त्याने बनवलेल्या वस्तूची धिंड काढायची. कर्ता सापडत नसल्यामुळे कर्मालाच शिक्षा, असे त्या दृश्याचे व्याकरण होते.

ही एकट्यादुकट्याची चीड नव्हती, हे नंतर आकड्यांनी दाखवले. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरींविषयी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १०,६४४ तक्रारी आल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस बजावली. त्यांतील ९९.१ टक्के तक्रारींचे निराकरण केले, असे कंपनीने कळवले. निराकरण झाले असे कोणी म्हणायचे, तक्रार करणाऱ्याने की जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिने, हा प्रश्न अशा आकड्यांपाशी नेहमी उरतो. आमच्याही मोबाइलवर 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे' असे संदेश तीनदा आले, आणि तिन्ही वेळा गाडी कार्यशाळेच्या आवारात उभी होती.

येथे वितरकाची बाजूही मांडली पाहिजे. काउंटरवरचा मुलगा आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या वयाचा असतो, कधी कधी माजी विद्यार्थीच असतो. गाडी त्याने बनवलेली नसते. वितरक कंपनीकडून गाड्या विकत घेतो, बहुधा त्यासाठी कर्ज काढतो, महिनाअखेरीचे लक्ष्य गाठण्याच्या दडपणाखाली असतो. वॉरंटीतला भाग बदलला की त्याचा दावा कंपनीकडे पाठवायचा आणि तो मान्य होण्याची वाट पाहायची. दावा फेटाळला तर तोटा त्याचा. अशा स्थितीत 'हे नॉर्मल आहे' असे सांगणे त्याला स्वस्त पडते. वाहन-वितरकांची देशव्यापी संघटना कंपन्यांच्या एकतर्फी करारांपासून संरक्षण देणारा कायदा मागत आली आहे, ती उगाच नव्हे. म्हणजे काउंटरच्या पलीकडचाही कोणाला तरी विचारतच असतो आणि त्यालाही 'वर कळवलेलं आहे' हेच ऐकावे लागते.

परंतु या दुहेरी रचनेचा फटका बसतो तो शेवटी उभ्या असलेल्या माणसाला. गोव्यातील एका ग्राहकाचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. २०११ सालची म्हणून पैसे घेऊन त्याला २००९ सालची, आधी चाललेली मोटारगाडी देण्यात आली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वितरकाच्या या कृत्याची माहिती उत्पादकाला होती असे सिद्ध झालेले नसताना त्याला जबाबदार धरता येत नाही, कारण त्यांच्यातील करार मालक आणि नोकर अशा स्वरूपाचा नाही. निकाल कायद्याला धरून असेल. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर मात्र फलकावर, पावतीवर, हारावर सगळीकडे कंपनीचेच नाव असते, आणि वाद झाला की दोन वेगळी घरे दिसू लागतात. त्याआधी २००६ मध्ये एका मोटारगाडीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले होते, की वॉरंटीच्या अटीनुसार बंधन आहे ते सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचे; संपूर्ण गाडी बदलून मागता येणार नाही.

अमेरिकेत पुन्हापुन्हा बिघडणाऱ्या नव्या गाडीला बोलीत 'लिंबू' म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली याच शब्दावर आपला प्रसिद्ध निबंध उभारला. विकणाऱ्याला खोट माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा बाजाराचे काय होते, हा त्याचा विषय. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने 'लिंबू कायदा' केला आणि इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही दोष न गेल्यास गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, असा त्यांचा आशय. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. आपण लिंबू चाकाखाली ठेवतो आणि पुढच्या सगळ्याचा भार त्याच्यावर सोपवतो.

तथापि आपल्या हातात काहीच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. ग्राहक चळवळीच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली ती १९७४ साली, आणि ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तूतला 'दोष' आणि सेवेतली 'त्रुटी' यांच्या व्याख्या त्यात स्वतंत्रपणे दिल्या आहेत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगापुढे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. वस्तूची तपासणी करावी लागली तरी शक्यतो पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात विलंब होतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण आयोग काय किंवा हेल्पलाइन काय, दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: लेखी काय आहे?

आणि आमच्याकडे, मराठीच्या दोन अध्यापकांकडे, लेखी काही नव्हते.

त्या दुपारी गाडी थंड झाल्यावर आम्ही हिवरे बाजारात पोचलो. गावाची कथा वाचकांना परिचित असेल. १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड होत गेलेले, स्थलांतराने रिकामे झालेले हे गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री, डोंगरउतारावरचे चर, आदर्श गाव योजनेतली कामे, पवारांना २०२० साली जाहीर झालेली पद्मश्री, हे सारे अनेकदा लिहून झाले आहे. आम्हांला त्या दिवशी वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. हे गाव दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला ते मोजायचे, विहिरींची पातळी पाहायची, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल ते आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतील ते ग्रामसभेत सर्वांसमोर ठरवायचे. उसाकेळीसारख्या तहानलेल्या पिकांवर आणि शेतीसाठीच्या विंधनविहिरींवर निर्बंध आहेत, ते या हिशेबातूनच आलेले.

म्हणजे तिथे टंचाईविषयी बोलताना वाक्याला आकडा असतो, तारीख असते आणि कर्ता असतो. 'पाणी कमी पडेल' एवढे म्हणून थांबता येत नाही. किती कमी, कोणाच्या वाट्याचे, आणि म्हणून कोणी काय सोडायचे, इथपर्यंत वाक्य न्यावे लागते. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा संदर्भ हा होता. असा हिशेब शेजारच्या गावात होताना पाहत तो वाढला आहे, म्हणून शोरूममधले कर्ता नसलेले वाक्य त्याला आमच्यापेक्षा लवकर खुपले.

याचा अर्थ मोटारींच्या बाजाराने ग्रामसभेसारखे व्हावे, असे भाबडे म्हणणे आमचे नाही. गावात हिशेब मांडणारा आणि ऐकणारा उद्या एकमेकांच्या बांधावर भेटणार असतात. कंपनी आणि ग्राहक असे भेटत नाहीत. शिवाय आदर्श गावांच्या शिस्तीत मतभेदाला किती जागा उरते, हा प्रश्न याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या संदर्भात अभ्यासकांनी विचारलेला आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. आम्हांला तिथून एवढेच घ्यायचे आहे, की मोजून, लिहून, सर्वांसमोर वाचलेली नोंद माणसाला याचकाच्या जागेवरून उठवते.

परतल्यावर आम्ही तो फसलेला अर्ज पुन्हा काढला. पहिल्या मसुद्यात 'अत्यंत मनस्ताप', 'वारंवार विनंती करूनही', 'आपल्यासारख्या नामांकित संस्थेकडून ही अपेक्षा नव्हती' असे बरेच काही होते. वाचणाऱ्याला उत्तर द्यावेच लागेल असे त्यात एकही वाक्य नव्हते. आम्ही वर्गात जे शिकवतो, तेच आम्ही लिहिले होते: तक्रारीचा पोशाख. दुसऱ्या मसुद्यात विशेषणे काढली. सात खेपांच्या सात तारखा, प्रत्येक वेळचे किलोमीटर, गाडी किती अंतर चालल्यावर बंद पडली, कोणी काय सांगितले आणि जॉबकार्डावर काय लिहिले, हे एकाखाली एक मांडले. शेवटी तीन प्रश्न विचारले: दोष काय आहे, तो कोण दुरुस्त करणार आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत. अर्ज वितरकाला हाती देऊन पोच घेतली आणि कंपनीला नोंदणीकृत टपालाने पाठवला. पुढच्या खेपेस 'चालू असताना इंजिन बंद पडते' हे शब्द आमच्या समोर रकान्यात लिहिल्याशिवाय गाडीची किल्ली दिली नाही.

बाराव्या दिवशी कंपनीचा अभियंता आला. त्याने संकेतांक न पुसता वाचले. टाकीतला इंधनपंप तापल्यावर दाब सोडत होता. पंप बदलला, सांध्याचे गॅस्केट बदलले, दोन्ही वॉरंटीत. तेव्हापासून गाडी चालते आहे. दोष इतका साधा होता, आणि तो इतके दिवस कोणी शोधला नव्हता.

आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट अशी संपली नाही. आमचा अर्ज पाहून त्यानेही लिहिला असता, पण तोवर त्याने गाडी तोट्यात विकून टाकली होती. दुधाला खाडा परवडत नाही. आता त्याच्याकडे कार्बोरेटरची जुनी, तिसऱ्या हाताची गाडी आहे, गावातलाच मेकॅनिक ती दुरुस्त करतो, आणि विकलेल्या गाडीच्या कर्जाचा उरलेला भाग तो अजून फेडतो आहे. आमच्याजवळ थांबायला वेळ होता, टपालाला पैसे होते, हाताखाली भाषा होती. तरीही आम्ही सात खेपा घालवल्या. तो आमच्याच वर्गात तक्रार-अर्ज शिकला होता आणि त्या प्रश्नाला त्याला आठ गुण होते. आम्ही ती उत्तरपत्रिका शोधून पाहिली. मायना निर्दोष होता.

मराठी गद्याच्या इतिहासात तक्रारीला मोठी प्रतिष्ठा आहे. लोकहितवादींची पत्रे 'प्रभाकर'मध्ये १८४८ पासून येऊ लागली, ती समाजाविषयीची तक्रारच होती. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा शेतकऱ्याचे दुःख सांगून ते थांबले नाहीत. ते कोणामुळे, कोणत्या खात्यामुळे, कोणत्या कराच्या वसुलीमुळे हे त्यांनी नावानिशी मांडले. चोखोबांनी तर थेट देवाला जाब विचारला. हे ग्रंथ आम्ही एका तासाला शिकवतो आणि पुढच्या तासाला तक्रार-अर्जाचा मायना फळ्यावर लिहितो. दोहोंचा संबंध आहे, हे सांगायचे मात्र राहून जाते.

यंदापासून आम्ही प्रश्न बदलला आहे. विद्यार्थ्याने स्वतःची किंवा घरातली एक खरी तक्रार निवडायची: सदोष पंप, न उगवलेले बियाणे, न मिळालेली शिष्यवृत्ती, बंद पडलेली गाडी. तारखा, आकडे आणि कागद गोळा करायचे. अर्जातले प्रत्येक वाक्य कर्ता शोधून तपासायचे. मग अर्ज खरोखर पाठवायचा आणि पोच वहीत चिकटवायची. विद्यापीठाच्या परीक्षेत याला गुण नाहीत, म्हणून तो अंतर्गत मूल्यमापनात बसवला आहे. पहिल्या सत्रात एकतीस अर्ज गेले आणि नऊ उत्तरे आली. त्यांपैकी सहा उत्तरांत 'नोंद घेण्यात आली आहे' असे लिहिलेले होते. ती सहा पत्रे आम्ही पुढच्या तासाला प्रयोगविचारासाठी वापरली, आणि कोणी नोंद घेतली हे विचारणारी सहा स्मरणपत्रे त्याच तासात लिहून घेतली.